तुम्ही विचारलंत म्हणून : मॅडम, अमेरिकेच्या त्या बारा वर्षांचं काय घेऊन बसलात?

हा प्रश्न मला लग्नात जेवणाच्या रांगेत विचारलाय, बँकेत पासबुक भरताना विचारलाय आणि माझ्या निरोप समारंभात तर थेट स्टेजवरून विचारलाय. साताऱ्यात राहता, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, कपाटात बखरी आहेत, आणि वाचता काय तर अमेरिकेत गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात झालेलं यादवी युद्ध संपल्यानंतरचं रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे हरलेल्या दक्षिणेची फेरउभारणी, १८६५ ते १८७७! आणि ट्रम्प परत आल्यापासून या प्रश्नाला एक शेपूट लागलंय, की मग मॅडम, तुमच्या त्या इतिहासावरून आजचं काही कळतं का?

तर एकदाचं लिहूनच टाकते.

सुरुवात फुल्यांपासून आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. अर्पणपत्रिकेचं पान बरेच जण उलटून पुढे जातात, मीही एमएला असताना तशीच गेले होते. जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलंय. काळ्या गुलामांना सोडवायला त्यांनी स्वतःचा स्वार्थ न बघता जे केलं त्याचं कौतुक म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा धरून. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे, मुलं लिहून घ्यायची, परीक्षेला दोन मार्कांना यायचं. एकदा कराडकडच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, तेव्हा तिकडे काय चाललं होतं?” मी म्हटलं, गुलामगिरी संपली होती की १८६५ लाच. तो म्हणाला, “ते माहितेय, १८७३ ला काय चाललं होतं?”

मला उत्तर आलं नाही. वीस वर्षं शिकवत होते मी.

घरी आल्यावर वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे पुणे, उजवीकडे अमेरिका, आणि १८७३ च्या तारखा लिहीत गेले. ती वही अजून आहे. १३ एप्रिल, ईस्टरचा रविवार, लुइझियानातलं कोलफॅक्स गाव, तिथे कोर्टाच्या इमारतीत जमलेल्या काळ्या लोकांची कत्तल. लगेच दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल, विषय काय तर न्यू ऑर्लिन्सच्या कत्तलखान्यांचा मक्ता, पण तो देता देता कोर्टाने चौदाव्या घटनादुरुस्तीतलं (कालच्या गुलामांना नागरिक करणारी ती) नागरिकांच्या हक्कांचं एक मोठं कलम पार पोकळ करून ठेवलं. १८ सप्टेंबर, जे कूक नावाच्या सावकाराची पेढी बुडाली, देशभर मंदी आली आणि उत्तरेतल्या लोकांना दक्षिणेतल्या काळ्यांचं काय होतंय यापेक्षा आपली नोकरी टिकते का हे महत्त्वाचं वाटायला लागलं. आणि २४ सप्टेंबरला, बरोबर सहा दिवसांनी, डावीकडच्या रकान्यात: सत्यशोधक समाजाची स्थापना, पुणे.

म्हणजे फुल्यांनी ज्या भल्या लोकांना पुस्तक अर्पण केलं ते भले लोक नेमके त्याच वर्षी दमायला लागले होते. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी ही बारा वर्षं वाचतेय.

(फुले भोळे होते असं यावरून कुणी काढू नका. कौतुक करायचं आणि त्याच वाक्यात आपल्या माणसांना कामाला लावायचं, ही अर्पणपत्रिका तशी आहे.)

आता आमच्या कॉलेजच्या वेळच्या गाइडमध्ये हे काय होतं ते सांगते. दीड पान. युद्धानंतर दक्षिणेत अडाणी काळ्यांच्या हातात सत्ता गेली, उत्तरेतून पडशा घेऊन आलेल्या लुटारूंनी म्हणजे कार्पेटबॅगर लोकांनी भ्रष्टाचार माजवला, शेवटी गोऱ्यांनी सुव्यवस्था आणली. झालं. मी हे पाठ केलंय, पेपरात लिहिलंय, त्याला चांगले मार्क पडलेत, आणि सगळ्यात लाज वाटते ती ही की पुढे पाचसहा वर्षं मी हेच शिकवलंय. हे मत कुठून आलं ते खूप उशिरा कळलं. कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा साचा पाडला आणि तो शाळेच्या पुस्तकांमधून पिढ्यान् पिढ्या छापला गेला, फिरत फिरत आमच्या गाइडपर्यंत आला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, म्हणजे तेव्हा डनिंग तिथेच शिकवत होते. १९३५ साली डू बॉईस या काळ्या अमेरिकन इतिहासकाराने जाडजूड ग्रंथ लिहून हा साचा फोडला, आणि शेवटच्या प्रकरणात शाळेच्या पुस्तकांमधले उतारे काढून दाखवलं की बघा, आपल्या पोरांना काय शिकवताय. ते प्रकरण वाचताना मला माझं गाइड दिसत होतं.

खरं काय झालं होतं? कालपर्यंत ज्याला वाचायला शिकवणं गुन्हा होता तो माणूस मत द्यायला लागला, आमदार झाला. १८७० ला हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये जाऊन बसले, मिसिसिपीतून. रॉबर्ट स्मॉल्स नावाचा गुलाम, युद्ध चालू असताना चार्ल्सटनच्या बंदरातून दक्षिणेच्या सैन्याची आगबोट पळवून स्वतःच्या बायकापोरांसकट सुटला होता, तो पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून आला आणि ज्या घरात त्याची आई राबली ते मालकाचं घर त्याने विकत घेतलं. दक्षिणेत सरकारी शाळांची खरी घडी याच सरकारांनी बसवली, गोऱ्या पोरांसाठी पण. भ्रष्टाचार होता का, होता, पण तो तेव्हा न्यूयॉर्कातही होता आणि तिथे कुणी म्हटलं नाही की यांचा मताचा हक्कच काढून घ्या.

वाचनाबद्दलही विचारतात लोक, की इंग्रजीतले एवढे जाड ग्रंथ कसे वाचता. जाड ग्रंथ मी सावकाशच वाचते, पण खरं गुंतायला होतं ते साक्षींमध्ये. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त दहशतवादी टोळीच्या अत्याचारांची चौकशी करायला काँग्रेसने १८७१ ला समिती नेमली होती, तिचे तेरा खंड आहेत आणि ते आता नेटवर फुकट मिळतात. स्कॅन धड नाहीत, अक्षरं फुटतात, मी रात्री चष्मा कपाळावर चढवून टॅबलेट नाकाला लावून वाचते. त्यात जॉर्जियाचे अॅब्राम कोल्बी भेटतात. जन्माने गुलाम, मग आमदार. १८६९ च्या ऑक्टोबरात रात्री दार फोडून त्यांना बिछान्यातून ओढून जंगलात नेलं आणि तीन तास मारलं. मारता मारता विचारलं, पुन्हा रॅडिकलांना (म्हणजे काळ्यांच्या हक्कांच्या बाजूच्या रिपब्लिकनांना) मत देशील का? कोल्बी समितीला सांगतात की मी म्हटलं, उद्या निवडणूक असली तर उद्या देईन. मग पुन्हा मारायला लागले. त्यांच्या लहान मुलीने बाहेर येऊन गयावया केली तर तिच्यावर बंदूक रोखली, ती त्या धसक्यातून शेवटपर्यंत सावरली नाही, वारली, हे त्यांनी साक्षीत सांगितलंय. तीन तास मार खाणाऱ्या माणसाने ‘उद्या’ म्हणावं! मी दहा वेळा वाचलं असेल ते पान.

आता कोलफॅक्स. तिथे सरकारी पाटी होती, १९५० साली लावलेली. पाटीवर मथळा ‘कोलफॅक्सची दंगल’, मजकूर असा की इथे तीन गोरे आणि दीडशे निग्रो मारले गेले आणि या घटनेने दक्षिणेतल्या कार्पेटबॅग गैरकारभाराचा अंत झाला. मेलेल्यांची नावं नाहीत, मारणारे कोण ते नाही, शरण आलेल्या लोकांना रात्री गोळ्या घातल्या ते तर नाहीच नाही. माझ्या गाइडमधलं दीड पान इथे धातूत ओतून उभं केलेलं. ती २०२१ ला काढली, म्हणजे एकाहत्तर वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याने ती वाचली.

नव्वदच्या वर लोकांवर आरोपपत्र होतं, शेवटी शिक्षा लागली तिघांना. १८७६ ला सुप्रीम कोर्टाने तेही सोडले. का, तर म्हणे चौदावी घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी माणसांना नाही, आणि दुसरं, वंशद्वेष हे कारण असावं असा संशय आम्हालाही येतो पण आरोपपत्रात तसं लिहिलेलं नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा सबंध वाचला तो २०१० च्या जुलैत, तारीख लक्षात राहायचं कारण की त्याच आठवड्यात पेपरात खैरलांजीचा हायकोर्टाचा निकाल आला. २००६ साली भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली होती. शिक्षा झाल्या, जन्मठेपा झाल्या, ते खरं. पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागला नाही, हत्या सूडातून झाली, जातीतून नाही, असं कोर्ट म्हणालं. मी पेपर टेबलावर ठेवला, शेजारी तो १८७६ चा निकाल पडलेला. चहा गार झाला.

इथे माझे काही विद्यार्थी उडी मारतात, म्हणजे मॅडम, सेमच की. नाही रे बाबांनो, सेम नाही. तिकडे मारणारे पूर्ण सुटले, इकडे तुरुंगात गेले, जात आणि वंश एक नाहीत, शंभरावर वर्षं मधे गेलीत. बरोबरीचं चिन्ह काढलं की अभ्यास संपतो. मला खुपलं ते एवढंच की कायदा जागेवर असतो, एक अक्षर खोडलेलं नसतं, आणि तरी तो त्या माणसापर्यंत पोचत नाही. लुइझियानात १८९६ ला काळे मतदार नोंदलेले होते १,३०,३३४ आणि १९०४ ला राहिले १,३४२. पंधरावी दुरुस्ती, वंशावरून मत नाकारता येणार नाही सांगणारी, सबंध काळ घटनेत जशीच्या तशी होती. मतासाठी कर लावला, वाचनाची परीक्षा लावली, कुठे ‘काळा’ हा शब्द वापरायची गरज पडली नाही.

आणि हे थांबवू शकणारे? ते दमले होते. १८७६ ची निवडणूक तंट्यात अडकली, पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी रिपब्लिकन उमेदवार हेज यांच्या बाजूने कौल दिला, हेज अध्यक्ष झाले, आणि १८७७ च्या एप्रिलपर्यंत साउथ कॅरोलिना आणि लुइझियानातल्या रिकन्स्ट्रक्शनच्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य बराकीत परतलं. बाबासाहेबांनी हे अचूक हेरलं होतं. १९४५ ला काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी या काळ्या लोकांचा दाखला दिलाय, की लढाईपुरतं बरोबर घेतलं आणि काम झाल्यावर सोडून दिलं, अस्पृश्य हे विसरू शकत नाहीत, म्हणून आधी हमी द्या. पुढच्या वर्षी त्यांनी डू बॉईसना पत्रही लिहिलं. माझ्या वहीतले डावे-उजवे रकाने त्यांच्या डोक्यात कधीच एकत्र झालेले होते.

मग आजचं काही कळतं का? पुढे काय होणार ते अजिबात कळत नाही, त्यासाठी टीव्हीवर बरेच जण बसलेत. पण २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेतले काही सिनेटर म्हणायला लागले की २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल तपासायला १८७७ सारखा आयोग नेमा, तेव्हा मी एकटीच टीव्हीसमोर ओरडले, कारण त्या आयोगाची किंमत कुणी मोजली ते माझ्या वहीत होतं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यातली पूर्वपरवानगीची तरतूद (भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची, ही) २०१३ ला सुप्रीम कोर्टाने बिनकामाची केली तेव्हा कारणाचा मथितार्थ असा होता की आता परिस्थिती बदललीय. दमलेली माणसं असंच बोलतात.

आणि एक घरचं. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, एच-वन-बीवर, बायको डिपेंडंट व्हिसावर. माझ्या या वाचनाची सगळ्यात जास्त टिंगल कुणी केली असेल तर त्याने. २० जानेवारी २०२५ ला तो हुकूम निघाला, की आई कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर इथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व मिळणार नाही. सूनबाईला सहावा महिना चालू होता. त्याचा फोन आला, तिकडे रात्रीचे अडीच वाजले असतील. “मावशी, तुझी ती चौदावी काय ते नीट सांग.” मी सांगितलं, १८६८ ची, कालच्या गुलामांना नागरिक करायला लिहिलेली, जो इथे जन्मला आणि इथल्या कायद्याखाली आहे तो नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क नावाच्या चिनी स्वयंपाक्याने १८९८ ला त्यावर केस जिंकली होती, त्याच्या आईवडिलांना तर नागरिक होताच येत नव्हतं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे आपल्या बाळाचं त्यांच्यामुळे आहे.”

कोर्टांनी हुकुमाला स्थगिती दिली, मुलगी झाली, पासपोर्टचा फोटो आला, फोटोत डोळे मिटलेले. माझी बहीण बाळंतविडा कसा पाठवायचा या काळजीत. मी त्याला ‘गुलामगिरी’च्या त्या अर्पणपत्रिकेचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला, १८७३ असं खाली लिहून. दोन दिवस काही नाही, मग मेसेज आला, “मावशी, हे भले लोक म्हणजे नक्की कोण गं?”

मी टाइप करायला घेतलं, दोनदा खोडलं. मग विचारलं, वेळ आहे का, फोन लावते.