आमची वाटचाल : निम्म्या किमतीचे ते तीन महिने
नोकरी सांभाळून रात्री शिवलेले पाऊच ऑनलाइन विकावेत, असे माझ्या आणि जाऊबाईंच्या मनात आले तेव्हा आमच्याजवळ एक घरगुती मशीन, कापडाखेरीज कशालाही न लावलेली एक कात्री आणि उरल्यासुरल्या कापडांचे गाठोडे होते. बेतणे त्यांच्याकडे आणि शिवणे माझ्याकडे, ही पहिल्या दिवशीची वाटणी आजही तशीच आहे. कॅनव्हासचे चार पदर एकत्र आले की 90/14 ची सुई टाके सोडते आणि 100/16 च लावावी लागते, ज्यातील 100 म्हणजे सुईच्या दांड्याची 1 मिलिमीटर जाडी, हे मी कितीतरी पाऊच उसवून शिकले.

जम बसत असतानाच एका विक्रेत्याने आमचे फोटो उचलून आपल्या पानावर लावले. फोटोच्या कोपऱ्यात दिसणारा आमचा खडूचा डबासुद्धा त्याने कापला नव्हता, आणि किंमत आमच्या निम्मी ठेवली होती. आम्ही घाबरलो आणि आमचीही किंमत तेवढीच खाली आणली. ऑर्डरी वाढल्या, त्याच वेगाने आम्ही बुडू लागलो, कारण एका पाऊचला बेतण्यापासून पार्सल बांधेपर्यंत दोन तास लागत होते आणि नव्या किमतीत केवळ कापड, चेन आणि दोरा यांचा खर्च निघत होता. वेळ वाचवण्यासाठी मी शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले जादा कापड, 1 सेंटीमीटरवरून निम्मी केली, चेनच्या टोकाशी उलटा टाका घेणे सोडले आणि सुती कापड धुऊन घेण्याचेही टाळले. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के सहज आटते, पॉलिस्टरचे अस्तर मात्र तसेच राहते, मग पाऊच चोळामोळा झाल्यासारखा दिसतो. हे ठाऊक असूनही मी तसे केले, याचे मला आजही वाईट वाटते.

आमच्याकडून अगदी सुरुवातीपासून घेणाऱ्या एका बाईंनी चेनपाशी उसवलेला पाऊच परत पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, "किंमत वाढवली असती तरी मी घेतला असता, पण हा तुमच्या हातचा वाटत नाही." ती चिठ्ठी वाचून जाऊबाईंनी कात्री खाली ठेवली आणि महिनाभर नवी ऑर्डर घ्यायची नाही, असे ठरवले. त्या महिन्यात आम्ही तीन महिन्यांतले जेवढे पाऊच परत आले तेवढे पुन्हा शिवून दिले आणि बसून एकेका कामाचा वेळ घड्याळ लावून मोजला.

त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली. या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांनी फोटो काढणे, चौकशांना उत्तरे देणे आणि पार्सल बांधणे हा वेळही किमतीत धरावा, आणि तो धरल्यावर येणारी किंमत सांगताना जीभ अडखळू देऊ नये. बाईंचा तो पाऊच आम्ही नव्याने शिवून पाठवला. त्या तो अजून वापरतात आणि मध्यंतरी फक्त चेन बदलून घेतली.

त्या विक्रेत्याविरुद्ध आम्ही तक्रार केली, फोटो पानावरून हटवले गेले, पण काही दिवसांतच ते दुसऱ्या नावाच्या पानावर दिसू लागले. आमचा खडूचा डबा अधूनमधून कुठल्यातरी नव्या पानावर भेटतो, आणि दर वेळी मी पुन्हा तक्रार नोंदवते.