इंजिन एकाच होडीचं

"रिस्क जास्त म्हणून रिटर्नही जास्त, काका." आज सकाळी मिरकरवाडा बंदरावर लिलाव आटोपता आटोपता एक तरुण सांगत होता. सगळी बचत एकाच औषध कंपनीच्या शेअरमध्ये.

काका जाळं आवरत म्हणाले, "वादळ आलं तर सगळ्याच होड्या थांबतात रे. इंजिन बंद पडतं ते एकाच होडीचं."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

7 जानेवारी 2009 ला सत्यम या आयटी कंपनीचे खोटे हिशेब उघड झाले. त्या दिवशी सेन्सेक्स सुमारे 7 टक्के पडला. सत्यमचा शेअर मात्र 179 रुपयांवरून 40 वर. हेच ते इंजिन.

एका शेअरची स्वतःची, बाजाराशी संबंध नसलेली चढउतार वर्षाला 40 टक्के धरा. सारख्या रकमेचे 4 शेअर घेतले की ती 20 वर येते, 16 घेतले की 10 वर; शेअरच्या संख्येच्या वर्गमूळाने भागायचं. पण सोळाही औषध कंपन्याच असतील तर हा हिशेब चालत नाही, कारण एका सरकारी निर्णयाने सगळ्या एकदम हलतात. आणि वादळाची, म्हणजे सगळा बाजारच पडण्याची, जोखीम कितीही शेअर घेतले तरी उरतेच. बाजार मोबदला देतो तो तिचा.

जी जोखीम नुसती वाटून घेतली तरी जाते, तिच्यासाठी कोण जादा पैसे देईल?

तुमचा सगळ्यात मोठा शेअर एकूण गुंतवणुकीच्या किती टक्के आहे?