हेराच्या पिक्चरमध्ये एवढं निवांत काय चाललंय?

“सर, हेरगिरीचा पिच्चर म्हणलात, अन् तासभर नुसतं कापडच बेततंय की ते माणूस! तुम्हाला त्यात एवढं काय दिसलं?” अंबाजोगाईत आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमून सिनेमा बघतो. तिथं ‘द टेलर ऑफ पनामा’ दाखवला, तेव्हापासून हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात येतो, बसस्टँडवर येतो, दवाखान्याच्या रांगेतही येतो. तुम्ही विचारलंत म्हणून बैजवार सांगतो, कारण हा सिनेमा मला मनापासून मोलाचा वाटतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. जॉन ल कारे यांच्या १९९६च्या कादंबरीवर जॉन बूरमन यांनी २००१ साली हा सिनेमा केला. ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला अँडी ऑस्नार्ड हा भानगडखोर अधिकारी शिक्षा म्हणून पनामात पाठवला जातो. तिथं त्याला हॅरी पेंडेल नावाचा टेलर सापडतो. देशातले सगळे बडे लोक सूट शिवायला हॅरीकडेच येतात, आणि त्याची बायको पनामा कालव्याच्या कचेरीत नोकरीला. आपण लंडनच्या सॅव्हिल रोमध्ये, म्हणजे उंची सूट शिवणाऱ्या शिंप्यांच्या नावाजलेल्या गल्लीत शिकलो, असं हॅरी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे तो शिवणकाम शिकला तुरुंगात. त्यात शेतीपायी झालेलं कर्ज डोक्यावर. ऑस्नार्ड त्याच्या या दोन्ही दुखऱ्या जागा हेरतो आणि बातम्या मागायला लागतो. हॅरीकडे बातम्या नसतात. मग तो त्या रचतो.

आता ‘सावकाश’ या तक्रारीबद्दल. अमेरिकेनं पनामा कालवा ३१ डिसेंबर १९९९ला पनामाच्या स्वाधीन केला, त्याच सुमाराचा हा काळ. कालवा आता कुणाच्या हातात जाणार, ही धास्ती लंडन-वॉशिंग्टनला आधीच होती. हॅरी एक शब्द टाकतो. ऑस्नार्ड भुवई उंचावतो. तेवढ्यानं हॅरीला कळतं की गिऱ्हाइकाला काय हवंय, आणि तो आणखी एक शब्द जोडतो. दारूत बुडालेला त्याचा मित्र मिकी बघता बघता एका गुप्त विरोधी चळवळीचा पुढारी होतो. त्या चळवळीसाठी लंडनहून पैसा सुटतो, आणि पैसा सुटला म्हणजे चळवळ खरीच असणार असं सगळे धरून चालतात. हे घाईनं दाखवलं असतं, तर नुसती एक थाप बघायला मिळाली असती. इथं ती थाप वाढताना दिसते, प्रत्येक ऐकणाऱ्याचा तिला लागलेला हात दिसतो. माझ्यासाठी सगळा थरार तिथं आहे. पुढचा शब्द हॅरी गिळतो की बोलून टाकतो, या एका गोष्टीवर मी खुर्चीच्या टोकाला येतो.

आमच्यातले एक जण महसूल खात्यातून निवृत्त झालेत. ते कधी फार बोलत नाहीत. त्या रात्री म्हणाले, “वरून आकडा मागितला की नाई म्हणता येत नसतंय. मग माणूस वरच्याला कोणता आकडा आवडंल ते बघतंय.” एवढं बोलून ते पाणी प्यायला उठले. या सिनेमावर मी जी काही मतं ऐकली, त्यात मला हे सगळ्यात अचूक वाटतं.

दुसरं मत आमच्या टेलरकाकांचं. सगळे कंटाळले होते, तेव्हा ते एकटे पुढं सरकून बसले होते. ऑस्नार्डनं शिंपीच का निवडला, हे त्यांनी आम्हाला समजावलं. माप देताना माणूस हात बाजूला करून, पोट आत ओढून उभा राहतो. टेप छातीवरून फिरत असते, समोर आरसा असतो, अन् अशा वेळी माणूस बोलतोच. पोरीचं लग्न, भावाशी वाटणी, साहेबाची बदली, सगळं. मुंढा आणि बाही होईस्तोवर निम्मं घर कळतं म्हणे. मी हा सिनेमा आधी पाहिला होता, त्यावर वाचलंही होतं. पण माप घेण्याचे प्रसंग इतके लांब का ठेवलेत, हे मला काकांच्या बोलण्यानंतर उमगलं.

तरुण पोरांची तक्रार वेगळी: हा तर जेम्स बाँड, मग मारामारी कुठंय? ऑस्नार्ड झालेला पिअर्स ब्रॉस्नन तोवर तीन बाँडपट करून बसला होता आणि चौथा २००२ला आला. बूरमन यांनी त्यालाच इथं घेतलं, यात सिनेमाचा अर्धा उपहास आहे. तोच सूट, तेच हसू, बायकांकडं बघण्याची तीच नजर. फक्त इथं ती एका लबाड आणि आपमतलबी माणसाची आहे. पोरांचा विरस होतो तो दिग्दर्शकाला हवाच असणार, असं मला वाटतं.

आणि हसावं की घाबरावं तेच कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी मिकीकडं आणि मार्ताकडं बघायला सांगतो. मिकी एके काळी पनामाचा लष्करशहा नोरिएगा याच्या हुकूमशाहीविरुद्ध उभा राहिलेला, तुरुंगात खचलेला माणूस. हॅरीच्या दुकानात काम करणाऱ्या मार्ताच्या चेहऱ्यावर त्याच राजवटीतल्या मारहाणीचे व्रण आहेत. नोरिएगाला पकडायला अमेरिकी फौजा २० डिसेंबर १९८९ला पनामात घुसल्या होत्या, हे तिथलं खरं रक्त. अशा माणसांच्या नावावर हॅरी गोष्टी रचतो आणि त्यात मिकीचा जीव जातो. त्यानंतर आमच्या खोलीत कुणी हसलं नाही.

आपल्या भागाला हे कळायला जड जाऊ नये. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य गेलं, पण खबऱ्यांच्या गोष्टी आमच्या घराघरांत उरल्या. माझ्या आजोळी रात्रीच्या जेवणानंतर त्या निघायच्या. त्यातला खबऱ्या कधीच रुबाबदार नसायचा. तो गावातलाच कुणीतरी, बहुतेक वेळा कर्जात अडकलेला. त्यानं खरी बातमी दिली की खोटी, याची चौकशी कुणी करत नसे, आणि मार खायचा तो ज्याचं नाव घेतलं गेलं त्यानं. हॅरीला पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मला आजोळची ती ओसरीच आठवली.

हा उपहास अतिरेकी वाटतो, असंही काही जण म्हणतात. सिनेमा आल्यावर दोनच वर्षांनी, ५ फेब्रुवारी २००३ला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांपुढं इराकच्या फिरत्या जैविक शस्त्र-प्रयोगशाळांची माहिती मांडली. ‘कर्व्हबॉल’ असं सांकेतिक नाव असलेला एक इराकी निर्वासित हा तिचा मुख्य आधार होता. आपण ते रचून सांगितलं, हे त्यानं २०११ साली स्वतः कबूल केलं. मधल्या काळात युद्ध होऊन गेलं.

एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. शेवट पातळ झालाय. कादंबरीत पनामा खरोखर पेटतो; सिनेमात हल्ला ऐनवेळी थांबतो आणि हॅरी आपल्या संसारात परततो. एवढ्या संयमानं रचत आणलेल्या गोष्टीला ही सवलत द्यायला नको होती.

पुढच्या खेपेला आम्ही १९५९चा ‘अवर मॅन इन हवाना’ लावणार आहोत. घर झाडायची यंत्रं विकणारा एक माणूस त्याच यंत्राच्या भागांची चित्रं गुप्त शस्त्र म्हणून लंडनला पाठवतो, अशी ती ग्रॅहम ग्रीन यांची कथा. पनामाच्या टेलरचं मूळ तिच्यात आहे, हे ल कारे यांनी स्वतः मान्य केलंय. टेलर बघून कंटाळलेल्यांनी मुद्दाम यावं. यावेळी मध्यंतर ठेवणार नाही. मागच्या वेळी चहाला उठलेले निम्मे लोक मिकीच्या प्रसंगाला परतलेच नव्हते.