पन्नास पत्रकं

गेल्या रविवारी चर्चमधली उपासना संपली आणि पाळकसाहेबांनी दारातच प्रत्येकाच्या हातात येशूच्या प्रचाराची पन्नास-पन्नास पत्रकं ठेवली. महिन्याभरात वाटून संपवायची. मला म्हणाले, "सिस्टर, तुमचं सोपंय. रोज शंभर माणसं भेटतात तुम्हाला."

मी सरकारी दवाखान्यात तेवीस वर्षं नोकरी करतेय. पत्रकं पर्समध्ये टाकली ती अजून तिथंच आहेत. वरच्या दोन पत्रकांना डब्याचं तेल लागलंय.

उपदेशात पाळकसाहेबांनी कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण दिलं. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी साहेबानं टिळकांना नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती माणसांना ही गोष्ट पाठच असते. पण परवा ऐकताना मनात आलं, तो साहेब आणि टिळक एकाच डब्यातले प्रवासी. नको वाटलं असतं तर टिळक पुढच्या स्टेशनवर डबा बदलू शकले असते. माझ्या पेशंटच्या हाताला सलाईन असतं. ती कुठं उतरणार? सिस्टर रागावली तर बेडपॅन वेळेवर मिळेल का, ही भीती तिच्या मनात असतेच. अशा बाईच्या उशाशी मी पत्रक ठेवायचं?

आणि तरी, प्रचार वाईट असं माझ्या तोंडून निघणार नाही. माझी आजी बायबलबाई होती, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल सांगणारी. उन्हातान्हात पायी खेडी पालथी घालायची. आधी ओसरीवर बसून तांदूळ निवडू लागायची, मग टिळकांचं एखादं भजन, आणि येशूची गोष्ट सगळ्यात शेवटी. तिच्या वडिलांच्या दारात असंच कुणी आलं नसतं तर मी आज चर्चच्या बाकावर बसलेच नसते.

बायबलात मत्तयाच्या २८व्या अध्यायात येशूची आज्ञा आहे, जाऊन सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या. ती गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्यांना दिलेली. ती प्रेषितांपुरतीच होती, असं पुष्कळ प्रोटेस्टंट एकेकाळी मानत. १७९२ साली इंग्रज पाळक विल्यम केरींनी विचारलं, मग बाप्तिस्मा देणंही थांबवायचं का? तीही आज्ञा त्याच वाक्यात आहे. बिनतोड आहे हे, मान्य. पण इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की सुवार्तिक, म्हणजे येशूची गोष्ट सांगत फिरणारे, म्हणून *काही* जणांना नेमलं. सगळ्यांना नाही. प्रेषित पेत्र मात्र सगळ्यांनाच सांगतो: तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. मला झेपते ती ही आज्ञा. आधी समोरच्यानं विचारलं पाहिजे.

मंगळवारी नाईटला आठ नंबरच्या पेशंटच्या सासूबाईंनी विचारलं, "सिस्टर, मघाशी खिडकीपाशी काय पुटपुटत होता?"

"प्रार्थना करत होते, मावशी. तुमच्या सुनेसाठी."

त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या देवाला नारळ चालतो का?"

"नाही हो. नुसतं सांगितलं तरी ऐकतो."

"मग माझ्याही गुडघ्याचं सांगा की."

सांगितलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, मीही वाढवलं नाही.

येत्या रविवारी पाळकसाहेब हिशेब विचारतील. अठ्ठेचाळीस कोरी, दोन तेलकट.