वीस हजार टँकर

बुधवारी संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ असा निरोप आला की आमच्याकडे पिंप, बादल्या, पातेली, आणि एरवी माळ्यावर असतो तो पितळी हंडासुद्धा खाली उतरतो. मागच्या बुधवारी मी नळाखाली हंडा लावून उभी होते आणि नात उपड्या बादलीवर बसून वही चाळत होती. शाळेत वादविवाद स्पर्धा. पनामा कालव्यामुळे जगाचा फायदा झाला की नाही? चिठ्ठीत तिला ‘झाला’ ही बाजू आली होती.

“सोपं आहे की,” मी म्हटलं.

आणि सोपं वाटतंच. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला समुद्रमार्गे जायचं तर अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा पडायचा. १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा खुला झाला आणि ते अंतर निम्म्याहून कमी झालं. (तारीख ऐकून नात म्हणाली, “म्हणजे त्यांनाही झेंडावंदन?”) मी तिला एक्सप्रेस वेचं उदाहरण दिलं. हल्ली मुंबईला जायला घाटात बस तापून बंद पडण्याची भीती राहिली नाही, तसंच.

पण एक्सप्रेस वे म्हटला की मला खोपोलीचा वडा आठवतो. एसटी थांबायची, कंडक्टर ‘दहा मिनिटं’ ओरडायचा आणि वीस मिनिटं कोणी हलायचं नाही. कढईभोवती नुसती झुंबड. काही वर्षांपूर्वी मुद्दाम जुन्या रस्त्याने गेलो, तर त्याच बाकड्यांवर आम्ही दोघंच. मालकाने वडे ताजे तळून दिले, गर्दी नव्हती म्हणून आमची विचारपूसही केली. चिलीतल्या वाल्पाराइसो बंदराचं तेच झालं. दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून दमलेली जहाजं तिथे विसावायची, गावात पैसा खेळायचा. कालवा झाला आणि जहाजंच तिकडे फिरकेनाशी झाली. ‘जगाचा फायदा’ मोजताना वाल्पाराइसो कोणत्या रकान्यात धरायचं?

“आजी, हे माझ्या बाजूचं नाहीये.”

“लिहून ठेव. समोरची पोरं विचारतील.”

मजुरांचंही ती लिहायला तयार नव्हती. आधी फ्रेंचांनी खणायला घेतलं, तेव्हा पिवळ्या तापाने आणि मलेरियाने हजारो माणसं गेली आणि काम बंद पडलं. मग अमेरिकनांनी डासांचा बंदोबस्त केला. मलेरियाचा डासाशी संबंध रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादेत १८९७ साली शोधला होता, हे मात्र तिने आनंदाने टिपून घेतलं. तरीही अमेरिकनांच्या काळात ५,६०० च्या वर माणसं मेली, बरीचशी बार्बाडोससारख्या बेटांवरून आलेली काळी माणसं. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत, यांचा चांदीच्या. खानावळीही वेगळ्या.

माझी समजूत अशी होती की कालवा म्हणजे चर खणायचा, दोन्हीकडचा समुद्र आत येतो. सुएझ तसाच आहे. पनामात मधे डोंगर, म्हणून तिथे जहाज जिना चढतं. एका प्रचंड हौदात शिरायचं, मागचा दरवाजा बंद, वरून पाणी सोडायचं, जहाज उचललं जातं, की पुढचा हौद. असं २६ मीटर चढून गातून नावाच्या तलावात, आणि पलीकडे पुन्हा पायऱ्या उतरून समुद्रात. तलाव नैसर्गिक नव्हे, चाग्रेस नदी अडवून केलेला. नदीकाठच्या गावांना उठवलं. आणि प्रत्येक जहाज पार होताना सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं.

वीस कोटी लिटर हे काही पुणेकराला कळणारं माप नाही. मी टँकरमध्ये हिशेब केला. दहा हजार लिटरचा एक, म्हणजे वीस हजार टँकर.

“एका जहाजाला?” नातीने कॅल्क्युलेटर पुन्हा बडवला.

“आणि इथे दोन टँकरसाठी माणसाला चार फोन,” पेपराआडून ह्यांचा आवाज.

२०२३ ला तिथे पाऊस दगा देऊन गेला. रोजची छत्तीसेक जहाजं कमी करत त्याच डिसेंबरात बाविसावर आणली, बाकीची बाहेर रांगेत. कारण त्याच तलावाचं पाणी पनामा शहर आणि कोलोन पितं. हे वाचताना मी तर खडकवासल्यातच पोचले. शहराला किती, दौंड-इंदापूरला आवर्तन किती, हे भांडण आपण दरसाल ऐकतो. आमच्याकडे ‘कॅनॉलला पाणी सुटलं’ म्हणतात. भरून वाहणारा तो कॅनॉल पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्यांना घासून जातो आणि पाणी पुढे निघून जातं. २०१८ च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटली, तेव्हा मात्र ते थेट त्याच घरांत शिरलं.

आता पनामात इंडिओ नदीवर नवं धरण घालायचं चाललंय. सुमारे दोन हजार माणसं उठतील आणि ती माणसं नाही म्हणतायत. मला शंभर वर्षांपूर्वीचं मुळशी दिसलं. सेनापती बापटांबरोबर धरणाच्या भिंतीपाशी ठाण मांडून बसलेले मावळे, आणि वीज मुंबईला.

खरं सांगायचं तर कालवा पनामाला पोसतो हेही तितकंच खरं. १९९९ च्या अखेरीस तो अमेरिकेकडून त्यांच्या हातात आला, तेव्हापासून टोलचा पैसा त्यांच्याच तिजोरीत जातो. नातीने तेवढं वाक्य ठळक लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि झोपायला गेली.

गुरुवारी सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून ती न्हाणीघराच्या दारात. केस धुवायचे होते, दोन बादल्या हव्या होत्या.

“एकच मिळेल,” मी म्हटलं. “आणि रांगेत ये. तुझ्या आधी आजोबांचं जहाज आहे.”