टाऊन हॉल म्हणा की!

कोल्हापुरात "वस्तुसंग्रहालयात सोडा," म्हटलं, तर रिक्षावाले मामा आरशातून बघतच राहिले. खाणाखुणा सांगितल्या, सीपीआर हॉस्पिटलच्या जवळ, बाग आहे, तेव्हा म्हणाले, "मग टाऊन हॉल म्हणा की ओ!"

तेच डोक्यात घोळत आत शिरलो.

ब्रिटिश वास्तुविशारद मेजर मॅन्टनं 1872 ते 1876 या काळात उभी केलेली ही इमारत. नवा राजवाडाही त्याचाच. 1949 मध्ये संग्रहालय इथं आलं. म्हणजे 'हॉल' असण्यापेक्षा संग्रहालय म्हणूनच तिचं आयुष्य जास्त गेलंय. नाव मात्र बदललेलं नाही. बरंच आहे म्हणा, 'वस्तुसंग्रहालय' म्हणताना जीभ अडखळतेच.

आत एक काशाचा पोसायडन आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरही उंची नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला. शेजारच्या पोरानं आईला विचारलं, "आपल्याकडं समुद्र कुठाय?"

आई म्हणाली, "नाही रे, व्यापारी आले असतील." आणि पुढं सरकली.

मी तिथंच. सातवाहनकाळात कुणीतरी हा देव घाट चढून इथवर आणला. त्याला तो काय नावानं हाक मारत असेल?

परतताना मीच म्हणालो, "टाऊन हॉलवरनं स्टँड, किती घ्याल?"

तुमच्या गावात आहे का अशी जुन्या नावाची इमारत?