उत्तर बरोबर, तरी मार्क कापले

लेकीचा गणिताचा पेपर तपासून आला. समीकरण बरोबर, आलेख बरोबर, तरी मार्क कापलेले. बाजूला शेरा: या आकड्यांचा अर्थ वाक्यात लिही. गणितात वाक्य! माझा पाराच चढला.

बॉस्टनजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कूलमध्ये ती प्रीकॅल्क्युलस शिकतेय. म्हणजे बहुपदी, लॉगरिदम, त्रिकोणमिती, आपण अकरावीत केलेलंच बरंचसं. २०२३ पासून कॉलेज बोर्डाने (एसएटी परीक्षा घेणारी इथली संस्था) याचाही एपी, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा, कोर्स काढलाय. परीक्षेचा काही भाग ग्राफिंग कॅल्क्युलेटर वापरून सोडवायचा, काही त्याच्याशिवाय. हा कॅल्क्युलेटर माझ्या डोक्यात जातो. शंभर डॉलरच्या पुढे किंमत, आणि साइन ३० काढायलासुद्धा बाईसाहेब बटणं दाबणार! एक छेद दोन, त्यात दाबायचंय काय? आपल्याकडे बारावी बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही. लॉग टेबलची पानं उलटून उलटून कोपरे दुमडायचे, साइन, कॉस, टॅन कुठे धन नि कुठे ऋण हे लक्षात ठेवायचं 'ऑल सिल्व्हर टी कप्स' झोपेतही पाठ असायचं. मग असा ठोकळा हातात देऊन वर 'अर्थ सांग' म्हणायचं, ही कुठली तऱ्हा?

पण कापलेले मार्क कशाचे होते तेही सांगते. प्रश्न बॉस्टनच्या दिवसाचा होता. वर्षभर दिवस किती तासांचा असतो त्याचे आकडे दिलेले, त्यावर साइनचा आलेख बसवायचा. हिचं उत्तर: मध्यरेषा १२.२, अँप्लिट्यूड ३.१. टीचरना हवं होतं की दिवस सरासरी सव्वाबारा तासांच्या आसपास असतो आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याच्या वर-खाली तीन तासांहून थोडा जास्त सरकतो. (हे सांगायला वाक्यच लागतं, मान्य.)

पुढच्या गृहपाठाला दुसरं शहर निवडायचं होतं. तिने आमचं नाशिक घेतलं. अँप्लिट्यूड आलं साधारण १.२. नाशिक विसाव्या अक्षांशावर, बॉस्टन बेचाळिसाव्या. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका तो वर-खाली फरक मोठा. मग तिने आलेखाचा चढ पाहिला. डिसेंबरच्या तळाशी तो जवळजवळ सपाट असतो, मार्चमध्ये सगळ्यात तीव्र. संक्रांतीच्या सुमारास नाशिकचा दिवस रोज जेमतेम अर्धा मिनिट वाढतो, मार्चमध्ये सव्वा मिनिटाच्या आसपास. बॉस्टनचा मार्चमध्ये रोज तीन मिनिटांच्या आसपास. तिळातिळाने दिवस मोठा होतो, हे आई दर संक्रांतीला म्हणायची. तो तीळ केवढा हे मात्र मला कुणी मोजायला लावलं नव्हतं. मी बारावीला साइनचं डिफरन्शिएशन (म्हणजे हा चढ काढणंच) डोळे मिटून करायचे, त्यातच पुढे सीईटीही निघाली.

तरी आपल्याकडे व्यवहारातलं गणित नव्हतं असं कुणी म्हणू नये. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि रामकुंडावर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, हे पंचवटीतलं शेंबडं पोरही सांगायचं. आलेख काढायचा तर तोही निघेल, विसर्ग आडव्या अक्षावर, मारुती उभ्या. फक्त ते वर्गात कधी आलं नाही. पन्नास-साठ पोरांच्या वर्गात सर काय काय आणणार?

मी आपला मधला मार्ग काढलाय. दर शनिवारी सकाळी, म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळी, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या जुन्या सरांकडे तिचा ऑनलाइन क्लास असतो. सरांनी पहिल्याच तासाला कॅल्क्युलेटर दप्तरात ठेवायला लावला. मला जरा बरं वाटलं. लेकीचं म्हणणं, सर शिकवतात मस्त, पण हे कशासाठी म्हणून विचारलं की 'परीक्षेला येतं' एवढंच सांगतात.

मग येतंच की परीक्षेला!